निधी रातोरात थांबला तर सामाजिक संस्था टिकते कशाच्या जोरावर?

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी त्यांनी आणखी एका आदेशावर सही केली. अमेरिका इतर देशांना देत असलेली विकास मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा हा आदेश होता. पाठोपाठ जगभरातल्या संस्थांना 'काम थांबवा' अशी पत्रं गेली.

त्याचा फटका बसलेल्यांमध्ये भारतातली तीन छोटी क्लिनिकं होती. हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथली 'मित्र क्लिनिक'. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचं देशातलं हे अशा प्रकारचं पहिलं क्लिनिक २०२१ मध्ये हैदराबादमध्ये सुरू झालं होतं. एचआयव्हीची तपासणी आणि उपचार, हार्मोन थेरपीबद्दल सल्ला, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन अशा सेवा एकाच छताखाली मिळायच्या आणि काम करणाऱ्यांमध्ये त्याच समाजातले लोक होते. निधी अमेरिकेच्या 'यूएसएड' या संस्थेचा होता. तो थांबला आणि क्लिनिकं बंद झाली.

पण गोष्ट इथे संपली नाही. हैदराबादचं क्लिनिक काही महिन्यांनी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने 'सबरंग' या नव्या नावाने पुन्हा सुरू झालं.

निधी गेला की काही संस्था कायमच्या बंद होतात, काही तग धरतात आणि काही वेगळ्या रूपात परत उभ्या राहतात. हा फरक कशामुळे पडतो? संस्थेच्या नेतृत्वाने अशा वेळी नेमकं काय करायचं असतं? आणि महिन्याला पाचशे रुपये देणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचा याच्याशी काय संबंध? समजून घेऊया.

नेमकं काय झालं होतं?

सुरुवातीला फक्त ९० दिवसांची स्थगिती होती. मात्र १० मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केलं की यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केले जात आहेत. म्हणजे जवळपास ५,२०० करार. १ जुलै २०२५ पासून यूएसएडचं स्वतंत्र संस्था म्हणून काम थांबलं आणि उरलेसुरले कार्यक्रम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेले.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेग. एखादा दाता निधी कमी करतो, तेव्हा सहसा सहा महिने, वर्षभर आधी कुणकुण लागते. इथे तसं झालं नाही. ज्यांच्या कामात काहीही चूक नव्हती, ज्यांचे हिशेब चोख होते, त्यांचाही निधी थांबला.

पण भारतातल्या संस्थांसाठी हा पहिलाच धक्का नव्हता.

याआधीचे धक्के कोणते?

पहिला धक्का कोविडचा. मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली आणि पीएम केअर्स निधी स्थापन झाला. कंपन्यांनी त्यात दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जाईल, असं सरकारने स्पष्ट केलं. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायचा खर्च. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम यासाठी खर्च करावी लागते. अनेक कंपन्यांनी हा निधी पीएम केअर्सकडे आणि कोविडच्या कामाकडे वळवला. शाळा, दिव्यांग, पर्यावरण अशा विषयांवर काम करणाऱ्या संस्था मागे पडल्या.

दुसरा धक्का कायद्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी योगदान नियमन कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये मोठे बदल झाले. परदेशी निधीतून प्रशासकीय कामावर करता येणाऱ्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येणं बंद झालं. प्रत्येक संस्थेला दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडणं बंधनकारक झालं.

यातली मधली अट छोट्या संस्थांना सर्वात जास्त लागली. आधी मुंबई-दिल्लीतली एखादी मोठी संस्था परदेशी दात्याकडून पैसे घ्यायची आणि मेळघाट किंवा नंदुरबारसारख्या भागातल्या छोट्या संस्थांना वाटायची. छोट्या संस्थेकडे इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस नसला तरी चालायचं. हा रस्ताच बंद झाला. परदेशी पैशाचा गैरवापर रोखण्यासाठी हे बदल गरजेचे आहेत, अशी सरकारची भूमिका होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बदल वैध ठरवले.

गेल्या दशकभरात देशातल्या २० हजारांहून अधिक संस्थांची एफसीआरए नोंदणी रद्द झाली आहे. त्यातल्या काही केवळ कागदोपत्री होत्या, काहींनी विवरणपत्रं भरली नव्हती आणि काही नामांकित होत्या.

म्हणजे पाच वर्षांत तीन वेगवेगळ्या दिशांनी धक्के आले: साथ, कायदा आणि दुसऱ्या देशाचं राजकारण. यातला एकही धक्का संस्थेच्या हातात नव्हता. मग हातात काय असतं?

संस्थांकडे गंगाजळी का नसते?

कोणताही छोटा दुकानदारही दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवतो. मग संस्था का ठेवत नाहीत? याचं उत्तर तीन गोष्टींत आहे.

पहिली, बहुतेक निधी प्रकल्पाला बांधलेला असतो. दाता म्हणतो, हे पैसे अमुक तालुक्यातल्या ४० अंगणवाड्यांसाठी. त्यातला एक रुपयाही दुसरीकडे वापरता येत नाही. उरला तर अनेकदा परत करावा लागतो.

दुसरी, नियम. धर्मादाय संस्थेला प्राप्तिकरातून सूट हवी असेल, तर वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षी आपल्या उद्दिष्टांसाठी वापरावा लागतो. १५ टक्के मागे ठेवता येतो. त्याहून जास्त साठवायचं असेल तर ठराविक कारण सांगून अर्ज भरावा लागतो आणि त्यालाही मुदत असते. कायमस्वरूपी निधी, म्हणजे कॉर्पस, उभारता येतो; पण त्यासाठी दात्याने 'हे पैसे कॉर्पससाठी आहेत' असं स्पष्ट सांगावं लागतं. आणि सीएसआरचा पैसा कॉर्पसमध्ये टाकता येत नाही. म्हणजे आज देशातल्या अनेक संस्थांचा जो सर्वात मोठा आधार आहे, तोच अडचणीच्या काळासाठी साठवता येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. 'तुमचा प्रत्येक रुपया थेट गरजूंपर्यंत पोहोचतो' ही ओळ आपल्याला आवडते. ती असलेली पोस्ट आपण पुढे पाठवतो. पण हिशेबनीस, ऑडिट, कार्यालयाचं भाडं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, संगणक, वीजबिल हे कोण भरणार? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या ४० नावाजलेल्या संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा त्यांचा असा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला. मध्यक होता १९ टक्के. रुग्णालय चालवणं आणि शिष्यवृत्ती वाटणं यांचा खर्च सारखा असूच शकत नाही.

दात्यांकडून मात्र याहून बरंच कमी मिळतं. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक कंपन्या संस्थेच्या बजेटलाही तीच पट्टी लावतात. मग उरलेला खर्च संस्था कुठून भागवते? पगार कमी ठेवून, माणसं कमी ठेवून आणि शिल्लक शून्य ठेवून.

बँकेत ४० लाख, हातात ८ लाख

हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एका संस्थेचा वर्षाचा खर्च १ कोटी २० लाख रुपये आहे, म्हणजे महिन्याला १० लाख. मुख्य दात्याचं पत्र आलं, त्या दिवशी बँकेत ४० लाख रुपये आहेत. विश्वस्तांना वाटतं, चार महिने काळजी नाही.

पण त्या ४० लाखांपैकी ३२ लाख प्रकल्पांना बांधलेले आहेत. ते पगाराला किंवा भाड्याला वापरता येणार नाहीत. मोकळे पैसे ८ लाख. कितीही काटकसर केली तरी टळणार नाही असा खर्च महिन्याला ६ लाख. म्हणजे संस्थेच्या हातात चार महिने नाहीत, जेमतेम ४० दिवस आहेत.

हा आकडा पहिल्या आठवड्यात माहीत असणं आणि तिसऱ्या महिन्यात कळणं, यात संस्था वाचण्या-बुडण्याचा फरक पडतो. त्यामुळे संकटात नेतृत्वाचं पहिलं काम भाषण देणं नसतं. हिशेबनीसाशेजारी बसून बांधलेले पैसे आणि मोकळे पैसे वेगळे करणं, हे ते काम असतं. बांधलेला निधी 'तात्पुरता' म्हणून पगाराला वापरण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. तो टाळावाच लागतो, कारण पैशांची चणचण पुढे भरून निघू शकते. निधी भलतीकडे वापरल्याचा ठपका पुसायला फार वर्षं लागतात.

मग टिकणाऱ्या संस्था काय वेगळं करतात?

१. काय सोडायचं, हे आधी ठरवतात

अडचणीत आलेली संस्था सहसा मिळेल त्या निधीमागे धावते. पाण्यावर काम करणारी संस्था कौशल्य प्रशिक्षणाचा प्रस्ताव देते, कारण या वर्षी पैसे तिथे आहेत. दोन वर्षांनी संस्थेकडे दहा प्रकल्प असतात आणि आपलं म्हणावं असं एकही काम नसतं.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेल या आजारावर संशोधन केलं. वैद्यकीयदृष्ट्या ते महत्त्वाचं होतं. पण गावकऱ्यांना त्यात फारसा रस नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांचे प्रश्न वेगळे होते. तेव्हा प्रश्न लोकांना विचारून ठरवायचे, असा मार्ग संस्थेने धरला.

त्यातूनच बालमृत्यूंवरचं काम उभं राहिलं. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला. गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं गेलं. या गावांमधला नवजात बालमृत्यूदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर राबवायला घेतली.

प्रयोग सुरू होण्यापासून देशाने तो स्वीकारण्यापर्यंत १८ वर्षं गेली. या काळात केंद्रात अनेक सरकारं आली-गेली, दात्यांच्या आवडीचे विषय बदलले. संस्थेने जिल्हा सोडला नाही आणि मोजणं सोडलं नाही. एकाग्रता म्हणजे हेच.

संकटाच्या वेळी हा विचार व्यवहारात आणण्याची एक साधी पद्धत आहे. सगळ्या कामांची यादी करायची आणि तीन रकाने पाडायचे. पहिला, जे थांबलं तर कुणाच्या जिवावर किंवा सुरक्षिततेवर बेतेल: औषधं, वसतिगृहातली मुलं, निवाऱ्यातल्या स्त्रिया. दुसरा, जे सहा महिने थांबू शकतं. तिसरा, जे खरं म्हणजे कधी आपलं नव्हतंच, निधी आला म्हणून घेतलं. मोकळा पैसा आधी पहिल्या रकान्याला. तिसरा रकाना लगेच बंद. खरा वाद दुसऱ्या रकान्यावर होतो आणि तो व्हायलाच हवा.

२. कर्मचाऱ्यांना खरं सांगतात

निधी आटल्याची बातमी कार्यालयात कधीच लपत नाही. नेतृत्वाने सांगितली नाही तर ती अफवा होऊन फिरते आणि ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळू शकते, ते चांगले लोक आधी जातात.

म्हणून पगार किती महिने देता येईल, कोणते प्रकल्प बंद होतील आणि निर्णय कोणत्या तारखेला होईल, हे स्पष्ट सांगावं लागतं. कपात करायचीच असेल तर ती वरून सुरू व्हावी लागते. दहा हजार रुपये पगाराच्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीचं मानधन थकवायचं आणि संचालकाचा विमानप्रवास चालू ठेवायचा, असं केलं तर पुढच्या संकटात संस्थेसोबत कुणी उभं राहत नाही.

३. एकाच दात्यावर विसंबत नाहीत

मित्र क्लिनिकचं उदाहरण पुन्हा पाहू. डॉक्टर होते, रुग्ण होते, विश्वास होता. कमी होती ती दुसऱ्या आधाराची. हैदराबादमध्ये तो नंतर सापडला, पण मधल्या काळात दार बंद राहिलं. एचआयव्हीच्या औषधोपचारात असा खंड परवडणारा नसतो.

आधार वाढवण्याचं मोठं उदाहरण शेजारच्या बांगलादेशात आहे. मुक्तिसंग्रामानंतर १९७२ मध्ये फजले हसन अबेद यांनी 'ब्रॅक' ही संस्था सुरू केली. सुरुवातीला तीही परदेशी मदतीवर होती. १९७८ मध्ये ग्रामीण कारागिरांच्या वस्तू विकण्यासाठी 'आरोंग' ही दुकानं सुरू झाली. पुढे सूक्ष्मकर्ज आणि इतर उद्योग आले. यातून येणारं उत्पन्न समाजकार्यात वापरलं जाऊ लागलं आणि दात्यांवरची मदार कमी झाली.

भारतात हे जसंच्या तसं करता येत नाही. प्राप्तिकर कायद्यानुसार 'सर्वसाधारण सार्वजनिक उपयुक्तता' या वर्गातल्या संस्थेचं व्यावसायिक स्वरूपाचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त झालं तर करसवलत धोक्यात येते. त्यामुळे आपल्याकडे भर असतो तो दात्यांची संख्या वाढवण्यावर. थोडे परदेशी, थोडे सीएसआर, थोडे मोठे देणगीदार आणि दरमहा छोटी रक्कम देणारे शेकडो लोक. यातला शेवटचा गट उभा करायला सर्वात जास्त वेळ लागतो, पण तो एका आदेशाने नाहीसा होत नाही.

सीएसआरवर सगळी भिस्त ठेवण्यातही धोका आहे. सीएसआरचा देशात सर्वाधिक खर्च महाराष्ट्रात होतो. पण कायद्यातच कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य देण्याची तरतूद असल्याने हा पैसा कारखाने आणि कार्यालयं असलेल्या भागाकडे झुकतो. ज्या तालुक्यात कारखानाच नाही, तिथल्या संस्थेने काय करायचं?

४. संस्था एका माणसाच्या खांद्यावर ठेवत नाहीत

आपल्याकडे अनेक संस्था संस्थापकाच्या नावाने ओळखल्या जातात. दाते त्यांच्याकडे बघून पैसे देतात, अधिकारी त्यांचा फोन उचलतात. संस्थापक आजारी पडले की सगळं थांबतं.

ब्रॅकच्या अबेद यांनी २००१ मध्ये कार्यकारी संचालकपद सोडलं, पण अध्यक्ष राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी अध्यक्षपदही सोडलं आणि जबाबदाऱ्या इतरांकडे दिल्या. त्याच वर्षी २० डिसेंबरला त्यांचं निधन झालं. तीनच महिन्यांनी कोविड आला. संस्थेची घडी आधीच बसवलेली होती.

महाराष्ट्रात या मुद्द्याला एक कागदोपत्री बाजूही आहे. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं दिलेलेच नसतात किंवा विश्वस्तांच्या वादात अडकलेले असतात. एरवी कुणाचं लक्ष जात नाही. संकटात नव्या दात्याशी करार करायची किंवा बँकेतल्या सह्या बदलायची वेळ आली की हाच कागद मागितला जातो. दप्तर अद्ययावत ठेवणं कंटाळवाणं असतं, पण अडचणीच्या काळात त्याचीच किंमत कळते.

टिकणं म्हणजे सहन करत राहणं का?

इथे एक सावधगिरी हवी. सामाजिक क्षेत्रात 'चिवटपणा' या शब्दाच्या आड बरंच काही खपून जातं. सहा महिने पगार न घेता काम केलं, दिवाळीलाही घरी गेलो नाही, अशा कथांचं कौतुक होतं. पण कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगारावर चाललेली संस्था टिकाऊ नसते. ती फक्त आपला तोटा सर्वात दुबळ्या माणसाकडे सरकवत असते. बहुतेक वेळा ती गावपातळीवर काम करणारी स्त्री असते.

दुसरं असं की कधी कधी थांबणं हाच योग्य निर्णय असतो. प्रश्न संपला असेल, सरकारने काम हाती घेतलं असेल किंवा दुसरी संस्था ते जास्त चांगलं करत असेल, तर विलीन होणं किंवा काम सोपवणं यात कमीपणा नाही. मात्र कसं थांबायचं, याला महत्त्व आहे.

'आवाहन' हा कार्यक्रम आठवून पाहा. बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये भारतात एचआयव्ही प्रतिबंधासाठी तो सुरू केला होता. महाराष्ट्रासह सहा राज्यांत काम होतं. तोही परदेशी पैसा आणि तोही कायमचा राहणार नव्हता. पण २००९ पासून टप्प्याटप्प्याने, तीन फेऱ्यांमध्ये हे काम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे 'नॅको'कडे सोपवण्यात आलं. सुरुवातीला थोडं काम दिलं, त्यातून काय अडतं ते पाहिलं, मग उरलेलं दिलं. दाता गेला, पण जवळपास सगळी सेवा सरकारी व्यवस्थेत सुरू राहण्याची सोय झाली.

विषय तोच, एचआयव्ही. एका ठिकाणी दात्याने निघायला चार वर्षं घेतली. दुसऱ्या ठिकाणी काही दिवस. दाता कधी तरी जाणारच आहे, हे दोन्हीकडे खरं होतं. म्हणून कोणत्याही संस्थेच्या प्रमुखाने नवा निधी स्वीकारतानाच विचारायचा प्रश्न हा आहे: तुम्ही जाल तेव्हा कसे जाल? हे करारात लिहून घेता आलं तर उत्तम.

सामान्य देणगीदाराने काय करायचं?

हा विषय केवळ संस्थाचालकांचा नाही. आपण कशा पद्धतीने देतो, यावर संस्था किती टिकाऊ होतील हे अवलंबून असतं.

एक, मोकळी देणगी द्या. संस्थेची खात्री पटली असेल तर 'फक्त वह्यांसाठीच' अशी अट घालू नका. 'जिथे गरज असेल तिथे वापरा' असं लिहून दिलेले हजार रुपये अडचणीत अटीच्या पाच हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. जमलं तर कॉर्पससाठी द्या आणि तसं लेखी कळवा.

दोन, एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा छोटी द्या. संस्थेला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो.

तीन, 'प्रशासकीय खर्च किती टक्के?' एवढाच प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षीचं ऑडिट पाहायला मिळेल का? मुख्य दाता गेला तर तुम्ही किती महिने चालाल? तुमच्यानंतर हे काम कोण पाहील? कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात का? या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारी संस्था शून्य टक्के खर्चाचा दावा करणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त विश्वासार्ह असते.

चार, तपासून द्या. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि ८०जी प्रमाणपत्र मागा. नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थांची माहिती पाहता येते. ८०जीची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर ती मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

थोडक्यात काय?

पुढचा धक्का कुठून येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. तो दिल्लीतून येईल, वॉशिंग्टनमधून येईल किंवा एखाद्या कंपनीच्या तिमाही निकालातून. धक्का बसल्यावर नेतृत्वाच्या हातात फार थोडे पर्याय उरतात: रोकड मोजा, जिवावरचं काम वाचवा, माणसांना खरं सांगा. बाकी सगळं त्याआधीच्या शांत वर्षांत ठरलेलं असतं. शिल्लक किती ठेवली, दाते किती जोडले, दुसरी फळी तयार केली का, आणि कोणत्या कामाला 'नाही' म्हटलं.

या शांत वर्षांतल्या तयारीला पैसा लागतो. आणि नेमका तोच पैसा 'प्रशासकीय खर्च' म्हणून द्यायला आपण का-कू करतो. पुढच्या वेळी एखादी संस्था बंद पडल्याची बातमी वाचून हळहळ वाटली, तर ओळखीच्या एखाद्या चालू संस्थेला एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे मोकळे पैसे किती महिन्यांचे आहेत? उत्तर 'एक महिन्याचे' असं आलं, तर मदत कशासाठी करायची हे वेगळं विचारायची गरज राहणार नाही.